काळजी-प्रवास

हॉस्पिटलच्या चहावर बाबा चिडले होते, म्हणजे तब्येत सुधारली होती. पित्ताशय काढून एक रात्र उलटली होती. पोटावर पट्टी होती, हाताला सलाइन होती आणि तोंड मात्र पूर्ववत सुरू झालं होतं.

"याला चहा म्हणणं ही चहाची बदनामी आहे," कप बाजूला सारत ते म्हणाले. "कोमट पाण्याच्या कानावर चहाची नुसती अफवा गेलेली दिसतेय."

"प्या मुकाट्यानं. टीका घरी गेल्यावर करा," आई म्हणाली.

"टीका नाही ही, दुरुस्ती आहे." दारात मुलगी दिसली तशी त्यांनी उशीवरून मान उचलली. "आलं का आमचं सॉफ्टवेअर? ये. तुझ्या आईनं हॉस्पिटलशी संगनमत केलंय."

बाबांचा जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला होता. दुसऱ्यानं लिहिलेलं कापायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर कापायला बातम्या उरल्या नाहीत, तेव्हा औषधाच्या खोक्यावरचा मजकूर, लिफ्टमधली सूचना, जे हाती लागेल ते कापत बसायचे. मुलगी प्रोग्रामर झाली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, घरातलं भाषेचं वेड एका पिढीत आटोपलं. आटोपलं नव्हतं, नोकरीला लागलं होतं. यंत्राशी बोलताना शब्द सैल पडला की यंत्र चुकतं, आणि चुकलेलं झाकता येत नाही, हे तिला मनापासून आवडायचं. 'तपासा' असं नाव असलेलं फंक्शन जाता जाता गुपचूप काही पुसूनही टाकत असलं, तर ती त्याला चूक म्हणत नसे, खोटारडेपणा म्हणत असे. आणि ज्यानं लिहिलंय त्याच्या टेबलापाशी जाऊन तसं सांगतही असे. ऑफिसात तिला फारसे मित्र नव्हते.

तिची कंपनी हॉस्पिटलांसाठी एक सेवा चालवायची. रुग्ण आत असला की बाहेरच्या माणसाच्या फोनवर खबर जायची: आत नेलं, ऑपरेशन सुरू झालं, संपलं. हे हॉस्पिटलही त्यांचंच गिऱ्हाईक. बाबांनी आपला नंबर द्यायला नकार दिला होता. मी आत बेशुद्ध आणि खिशात माझ्याच खबरा वाजणार, हे मला चालणार नाही, म्हणाले. म्हणून आईचा नंबर दिला होता. ऑपरेशनच्या वेळी आईनं बाहेर बाकावर बसून एकेक खबर मोठ्यानं वाचली होती. 'रुग्ण शुद्धीवर आले आहेत. बोलू शकतात. थोड्या वेळाने भेटता येईल.' ती वाचून तिनं डोळे पुसले आणि मुलीला विचारलं, "हे तू लिहिलंयस ना?"

"हो."

"वाटलंच. मला सगळं कळलं."

एवढी शाबासकी तिला नोकरीत कुणी दिली नव्हती.

आता ती बाबांच्या पलंगाच्या कडेला टेकली. "बाबा, एक विचारायचंय. आज मीटिंग आहे. पेशंट वाचला नाही तर घरच्यांना जी खबर जाते, तिच्यातला शब्द. सध्या 'निधन झाले आहे' असं आहे. वरच्यांना ते फार कठोर वाटतंय."

"बघ," बाबा आईला म्हणाले, "मी इथे पोट शिवून पडलोय आणि लेक मला मरणाचे समानार्थी शब्द विचारतेय. अशी मुलगी नशिबानं मिळते."

"काहीतरीच काय गं सकाळी सकाळी," आई म्हणाली.

"असू दे. विचार."

"देहावसान?"

"ते पुतळ्यांचं होतं."

"स्वर्गवास?"

"पत्त्याची खात्री केल्याशिवाय छापू नये."

"देवाज्ञा?"

"आज्ञेची प्रत बघितल्याशिवाय नाही." बाबा हसले आणि लगेच पोटावर हात धरला. "निधन ठेव. रडत नाही, नटत नाही. निरोप देतं आणि बाजूला होतं. अर्धं आयुष्य मी तो शब्द छापला, एकानंही तक्रार केली नाही."

"तक्रार करणारा राहिलेलाच नसायचा," आई म्हणाली, आणि तिघंही हसली.

ऑफिसातल्या विभागप्रमुखाला सगळे पाठीमागे यात्रेकरू म्हणायचे. त्याच्या तोंडी प्रत्येक गोष्ट प्रवास होती. ग्राहकाचा प्रवास, कर्मचाऱ्याचा प्रवास, बिल भरण्याचा प्रवास. मागे अर्ध्या टीमला घरी बसवलं तेव्हाही त्यानं त्यांना पुढच्या प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांना आपली नोकरी गेलीय हे कळायला दुपार उजाडली होती. माणूस ओरडत नसे, चिडत नसे. त्याच्याशी भांडणं म्हणजे गादीला गुद्दे मारणं. हात दुखायचा आपलाच.

"आज बघ, दहाच्या वर प्रवास होणार," शेजारी बसलेली टेस्टर कुजबुजली. ती गोल चेहऱ्याची, आगाऊ बाई. कंटाळवाण्या मीटिंगमध्ये ती असल्या शब्दांचे गुण मोजायची. "अलाइनला एक, होलिस्टिकला दोन. इकोसिस्टिम आलं की मी उठून टाळ्या वाजवणार."

यात्रेकरूनं भिंतीवरच्या पडद्यावर तीन चौकोन दाखवले. "आत्ता आपल्याकडे शेवटाची तीन स्टेट्स आहेत. पेशंट घरी सोडला, दुसऱ्या हॉस्पिटलात हलवला, आणि तो तिसरा आउटकम. फॅमिलीच्या दृष्टीनं हे फ्रिक्शन आहे. म्हणून आपण तिन्हींना एकच युनिफाइड टचपॉइंट देतोय." तीन चौकोन सरकत सरकत एकमेकांत विरघळले. त्यांच्या जागी एक निळसर वाक्य उमललं: 'आपल्या प्रियजनांचा काळजी-प्रवास यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. आपला अनुभव कसा होता?' खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.

खोलीत कुणीतरी "नाइस" म्हणालं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "माणूस घरी आला तरी हेच वाक्य, आणि वाचला नाही तरी हेच?"

"आउटकम-न्यूट्रल भाषा आहे ही."

"'यशस्वीरीत्या' हे कुठल्या बाजूनं न्यूट्रल आहे?"

टेस्टरला खोकला आला.

"यशस्वी म्हणजे प्रोसेस यशस्वी," यात्रेकरू म्हणाला. "आपल्या बाजूनं केअर डिलिव्हर झाली. एवढं लिटरल नको घेऊ."

"मी प्रोग्रामर आहे. मला लिटरल घेण्यासाठीच ठेवलंय. तीन वेगळ्या गोष्टींना एक नाव दिलं की त्या एक होत नाहीत. वाचणाऱ्याला फक्त कळेनासं होतं."

"पण बॅड न्यूज डॉक्टर समोरासमोर देतातच. आपण फक्त क्लोजर देतो."

"आणि घरचं माणूस समोर नसेल तर?"

"एज केस. क्वचितच होतं तसं."

"डॉक्टर सांगतातच, तर मग आपण कशाला पाठवायचं?"

"एंगेजमेंट," यात्रेकरू प्रेमानं म्हणाला. "शेवटच्या टप्प्यावर आपला रिस्पॉन्स रेट फार वीक आहे. लोक ते निधनवालं वाक्य वाचतात आणि फोन ठेवून देतात."

हे तो तक्रार म्हणून सांगत होता. तिनं आजूबाजूला पाहिलं. टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं शहाणी होती, शिकलेली होती, घरी नीट बोलत असणार. पाणी हवं असलं तर पाणी मागत असणार. या खोलीत शिरताना मात्र चपला काढाव्यात तशी ती आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवत, आणि जाताना चुकून एकमेकांची घालून जात.

"निधन हा शब्द कठोर नाही. जे झालंय ते कठोर आहे. शब्द बदलून ते मऊ होत नाही."

"तुझं पॅशन मला आवडतं," यात्रेकरू म्हणाला. "इनपुट नोटेड. आपण डिसॅग्री करू, पण कमिट करू. ओके? अलाइन्ड?"

त्यानं तिच्याकडे न बघता मान डोलावली आणि तिनंही होकार दिला असं धरलं गेलं. मीटिंगच्या टिपणात आलं: टीम अलाइन्ड. मजकूर बदलायला प्रोग्रामर लागत नव्हता. यात्रेकरूच्या स्क्रीनवर एक चौकट होती, तिच्यात त्यानं टाइप करायचं, की ते सगळ्या हॉस्पिटलांत पोचायचं. ती बॅग उचलून हॉस्पिटलकडे निघाली तेव्हा तो टाइप करत होता.

बाबांना तिनं सगळं सांगितलं. सोंग आणून, यात्रेकरूच्या हातवाऱ्यांसकट. बाबा हसता हसता वाकडे झाले.

"थांब, थांब, टाके! प्रवास पूर्ण म्हणे! मग सामान कोण उतरवणार?"

"हसवू नकोस त्यांना," आई म्हणाली, पण तिचंही तोंड पदराआड होतं.

"भांड उद्या परत," दम खाल्ल्यावर बाबा म्हणाले. "सोडू नकोस. आणि निदान ते 'यशस्वीरीत्या' तरी काप. वाक्यात 'यशस्वीरीत्या' आलं की समजावं, कुणीतरी काहीतरी लपवतंय."

"हो बाबा."

"आणि येताना घरचा चहा आण थर्मासमधून. तुझ्या हातचा नको, आईच्या."

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळं छान आहे, कदाचित संध्याकाळीच सोडू. मुलीला बाबांजवळ बसवून आई, आंघोळ करून, घर आवरून, चहा घेऊन येते म्हणून निघाली. जाताना तिनं बाबांचे केस विंचरले आणि ते म्हणाले, "कुणाला दाखवायचंय मला?"

आई जाऊन थोडाच वेळ झाला असेल. नर्स बाबांना चालवायला आली. ते उभे राहिले, पलंगाचा दांडा धरून दोन पावलं टाकली, आणि म्हणाले, "जरा बसतो." बसले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, भिंतीवरचं ऊन सरकावं तसा. नर्सनं घंटा दाबली. माणसं आली, पडदे ओढले गेले, आणि मुलीला पडद्याखालून नुसते बूट दिसत राहिले. घाईतले बूट, मग कमी घाईतले, मग थांबलेले.

एक तरुण डॉक्टर बाहेर आली. "पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली," ती म्हणाली. "आम्ही सगळे प्रयत्न केले. ते गेले."

"हो," ती म्हणाली. कुणी पत्ता वाचून दाखवावा आणि आपण बरोबर आहे म्हणावं, तसं.

मग सह्या झाल्या. काउंटरवरच्या माणसानं आपल्या कॉम्प्युटरवर जी खूण करायची ती केली, आणि बरोबर खूण केली. नर्सनं बाबांचा चष्मा तिच्या हातात दिला. आईला फोन करावा म्हणून तिनं फोन काढला आणि परत ठेवला. हे फोनवर सांगायचं नाही, एवढं तिला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. टॅक्सीत बसून ती आईला सांगायचं वाक्य जुळवत राहिली. निधन हा शब्द आईसमोर उभा राहीना. तो छापायचा शब्द होता, स्वयंपाकघरात शिरणारा नव्हता. शेवटी डॉक्टरनं दिलेला शब्दच तिनं घेतला. सगळे तोच म्हणतात. हलका शब्द, हळू आवाजात म्हणता येईल असा.

घंटा वाजवायच्या आत आईनं दार उघडलं. तिनं केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता आणि चेहरा उजळला होता.

"आलात?" ती मुलीच्या खांद्यावरून मागे पाहू लागली. "हे कुठायत? लिफ्टनं येतायत?"

"आई—"

"मला खबर आली ना! प्रवास यशस्वी झाला म्हणून. मी म्हटलं, बघा, संध्याकाळचं सांगितलं आणि आत्ताच सोडलं. तो खालचा हसरा चेहरापण दाबला मी. बघ तरी, पलंग एकटीनं सरकवला." मागच्या खोलीत पलंग खिडकीशी आला होता. नवी चादर होती, कोपरे आत खोचलेले. दोन उश्या होत्या, आणि पाय ठेवायला खाली पाट. "उन्हात बसता येईल त्यांना."

"आई, बाबा गेले."

"कुठे गेले?"

ती उंबरठा ओलांडून आत आली.

"खाली औषधं आणायला? अगं, टाके ओले आहेत आणि तू एकट्यानं सोडलंस त्यांना? तुम्ही बापलेक म्हणजे ना..." आई चपला शोधायला वाकली. "थांब, मीच जाते. या वळणावर ती पायरी आहे मेली—"

आणि मग वाकल्या वाकल्या तिची नजर मुलीच्या हाताकडे गेली.

"त्यांचा चष्मा तुझ्याकडे कसा?" आई म्हणाली. "चष्म्याशिवाय त्यांना पायरी दिसत नाही."

आईनं एक चप्पल पायात घातली होती, दुसरी हातात होती. ती चष्म्याकडे बघत राहिली, मग मुलीच्या तोंडाकडे, आणि मग हळूहळू भिंतीला धरून खाली बसली. शब्दानं ते तिला कुणीच सांगितलं नाही.

पुढचे दिवस माणसांचे होते. फोन यायचे, माणसं यायची. काका म्हणाले, दादा सुटले. मावशी म्हणाली, भावजी आपल्याला सोडून निघाले. कुणी म्हणालं विसावले, कुणी शांत झाले, कुणी नुसतंच, असं कसं झालं हो. मुलगीही तेच म्हणायची जे समोरचा म्हणेल. सुटले? हो, सुटले. निघाले? हो. तिचं तिला एकही वाक्य नव्हतं. रात्रंदिवस शब्द निवडणारी बाई, उसन्या शब्दांवर दिवस काढत होती.

पलंग खिडकीशीच राहिला. त्यावर कुणी बसलं नाही.

एकदा भांडी विसळता विसळता आई पाठमोरीच म्हणाली, "ते वाक्य तू लिहिलं होतंस?"

"नाही."

"वाटलंच." नळ चालू होता. "म्हणून मला ते उलटंच कळलं. मी आपली गाणं म्हणत पलंग सरकवत होते गं. खालच्यांना आवाज गेला असेल."

मुलगी जवळ गेली, पण आईनं अंग आखडून घेतलं.

"काढून टाक ते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या बाईनं असा पलंग सरकवू नये."

"काढते."

"नक्की?"

"नक्की, आई."

रजेवर असतानाच तिनं ऑफिसला लिहिलं. खबर बदला, ताबडतोब, कारण असं असं झालं. कारण तिनं एका ओळीत लिहिलं, 'घरातील दुःखद घटनेच्या वेळी' असं, आणि ते वाक्य लिहिताना आपलीच लाज वाटली. उत्तर आलं: 'थँक्स फॉर शेअरिंग. विषय पार्किंग लॉटमध्ये घेतला आहे. तुझ्या हीलिंग-प्रवासात आम्ही सोबत आहोत.' पार्किंग लॉट म्हणजे 'नंतर कधीतरी बघू'. खाली एक हृदय होतं आणि त्याखाली आढावा मीटिंगचं आमंत्रण.

ती कामावर परतली तेव्हा टेस्टर उठून जवळ आली. तिनं नुसता तिचा दंड दाबला आणि म्हणाली, "आज मी काही मोजणार नाही." ऑफिसातलं तेवढं एकच बोलणं तिच्या अंगाला लागलं.

बाकीचे अंतर ठेवून होते. कुणी म्हणालं, तुझी बँडविड्थ सांभाळ. कुणी म्हणालं, एचआरकडे ग्रीफ रिसोर्स आहे, लिव्हरेज कर. सगळे चांगल्या मनानं बोलत होते आणि एकाच्याही बोलण्यात माणूस नव्हता. ती मान डोलवत होती, आणि आत कुठेतरी दात एकमेकांवर घासले जात होते.

मीटिंगच्या खोलीत तोच पडदा होता. यात्रेकरूनं तिला पाहिलं, छातीवर हात ठेवला, डोळे क्षणभर मिटले आणि उघडून म्हणाला, "चला, एक गुड न्यूज."

पडद्यावर आलेख आला. जमिनीलगत सरपटणारी एक रेघ होती, ती नवं वाक्य गेलं त्या दिवसापासून ताडकन उठली होती.

"शेवटच्या टप्प्याचा रिस्पॉन्स रेट. इतका कधीच नव्हता. आणि नुसता रिस्पॉन्स नाही, सेंटिमेंट बघा." चेहऱ्यांची उतरंड आली. हसरे चेहरे सगळ्यांत जास्त होते. "अगदी तिसऱ्या आउटकममध्येसुद्धा पॉझिटिव्ह सेंटिमेंट आहे. म्हणजे आपल्या भाषेनं कठीण क्षणीसुद्धा फॅमिलीला—"

"तिसऱ्या आउटकमचे हसरे चेहरे वेगळे दाखवा," ती म्हणाली.

"हं?"

"वेगळे दाखवता येतात. ती सोय मीच लिहिलीय. खालचं बटण."

यात्रेकरूनं बटण दाबलं. हसऱ्या चेहऱ्यांची मोठी रांग गळून पडली, थोडेसे राहिले. प्रत्येकाशेजारी हॉस्पिटल आणि दिवस.

"वरून दुसरा," ती म्हणाली. "ती माझी आई आहे."

सगळ्यांच्या माना पडद्यावरून तिच्याकडे वळल्या.

"तिला वाटलं, बाबांना घरी सोडलं. म्हणून तिनं ते दाबलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार. नाहीतर कोण हसेल? ही तुमची पॉझिटिव्ह सेंटिमेंट. जितका वेळ त्या माणसांना खरं कळलं नव्हतं, तितका वेळ तुमची रेघ वर गेली."

यात्रेकरूचा चेहरा खरोखर उतरला. त्यानं पडदा बंद करायला हात नेला, पण बटण सापडेना. "आय ॲम सो सॉरी. मला कल्पना नव्हती. आपण हे ऑफलाइन घेऊ, फक्त तू आणि मी. मी तुझा लॉस मिनिमाइज करत नाहीये. पण एका पर्सनल अनुभवावरून आपण पूर्ण फ्रेमवर्क... म्हणजे, वाक्य सॉफ्टन करता येईल. 'यशस्वीरीत्या' काढू. 'काळजी-प्रवास विसावला', असं काहीतरी. एक वर्कशॉप घेऊ."

"वर्कशॉप नको. तिन्ही खबरा परत वेगळ्या करा. आत्ता. ती चौकट तुमच्याच स्क्रीनवर आहे."

"करू ना, पण प्रोसेस आहे. स्टेकहोल्डर्स आहेत. तुझ्या वडिलांच्या... त्या ट्रान्झिशनबद्दल मला मनापासून—"

"कशाबद्दल?"

"जे झालं त्याबद्दल."

"काय झालं?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. "तेच. म्हणजे... इव्हेंट."

"काय झालं ते म्हणा."

"तुला त्रास होईल असं मला काही—"

"मला त्रास होतच आहे. म्हणा."

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिला एकदम दिसलं की त्याला ते म्हणताच येत नाहीये. लपवतोय असं नव्हे. त्याच्याकडे ते वाक्य नाहीये, कुणी काढून नेल्यासारखं. आणि त्याच्या त्या उघड्या तोंडाकडे बघता बघता तिला टॅक्सी आठवली, दार आठवलं, एक चप्पल हातात धरून उभी असलेली आई आठवली, आणि आपणही ते म्हटलेलं नाही हे तिच्या ध्यानात आलं. आईला नाही, काकांना नाही, एकटीनं आरशासमोर नाही. सुटले, निघाले, गेले, दुःखद घटना. यात्रेकरूनं एक शब्द घुसडला होता, पण खऱ्या शब्दापाशी पोचेपर्यंत वाटेत तिनंही किती अंथरले होते.

त्या शब्दाला आपल्याकडे मान नाही. झुरळाबद्दल वापरतात तो, उंदराबद्दल वापरतात, शिवी देताना वापरतात. बापाबद्दल कुणी वापरत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ होत नाही. त्याला कुणी 'कुठे' म्हणून विचारत नाही.

ती उभी राहिली. आवाज चढवायचा नव्हता, चढला नाही.

"माझे बाबा मेले," ती म्हणाली. "माझी आई त्यांच्यासाठी पलंगावर चादर घालत होती, तेव्हा ते मेलेले होते."